एकोणीस नंबरचा हात

(धारवाड, सप्तापूर. रविवारची दुपार. निवेदिताच्या टेबलाच्या कडेला मोटारीचं एक स्टिअरिंग घट्ट आवळून बसवलेलं, समोर मोठा पडदा, खाली पायाशी पेडल. इंजिनाच्या आवाजानं श्रीहरी वकिलांची झोप मोडली आहे आणि वेताची खुर्ची ओढून ते लेकीच्या शेजारी येऊन बसले आहेत.)

श्रीहरी : थांब, थांब. म्हणजे पुढच्यानं वारा खायचा आणि मागच्यानं आयतं पुढं निघून जायचं? हा कुठला न्याय?

निवेदिता : न्याय नाही अप्पा, हवा आहे. पुढची गाडी हवा फाडत जाते, तिच्या मागं जरा पोकळ जागा राहते. त्या जागेत आपण शिरलो की आपल्याला हवा कमी ढकलावी लागते. इंजिन तेवढंच, पण वेग जास्त.

श्रीहरी : आयत्या बिळावर नागोबा म्हण की.

निवेदिता : म्हणा. इथं सगळेच नागोबा आहेत.

श्रीहरी : आणि याला म्हणतात काय?

निवेदिता : स्लिपस्ट्रीम.

श्रीहरी : तोंडात बसत नाही. आपण आडोसा म्हणू. केलगेरी तळ्याच्या बांधावर सकाळी वारा सुटतो बघ, तेव्हा मी काय करतो ठाऊक आहे? बाळाचार्यांना पुढं घालतो.

निवेदिता : अय्यो!

श्रीहरी : ऐक तरी. माणूस असा की दाराच्या दोन्ही फळ्या उघडाव्या लागतात. त्यांच्या मागं दोन पावलांवर चाललं की माझी टोपीसुद्धा हलत नाही. त्यांना वाटतं मी मान देतोय. कित्येक वर्षं देतोय.

निवेदिता : अगदी हेच अप्पा! फक्त शेवटी बाजूला होऊन त्यांच्या पुढं सटकायचं.

श्रीहरी : ते कसं जमेल? बांध संपला की चहा तेच पाजतात.

निवेदिता : मग तुम्ही शर्यतीत शेवटपर्यंत दुसरेच.

श्रीहरी : बरं, मला सांग, या गाड्या अशा कशा? मुसळाला चार चाकं लावल्यासारख्या. छप्पर नाही, मडगार्ड नाही.

निवेदिता : साठेक वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या गाड्या आहेत. कॉम्प्युटरवर तशाच्या तशा बनवल्यात. रस्त्याला चिकटवून ठेवणारे पंख नाहीत, टायर बारीक. म्हणून तर मजा. आजच्या गाड्यांत वळणात पुढच्याच्या मागं राहिलं तर गाडी डळमळते. या जुन्या गाड्यांत ती भानगड नाही. सरळ रस्त्यावर आडोसा हेच सगळं राजकारण.

श्रीहरी : आणि चालवणारे कुठं आहेत?

निवेदिता : आपापल्या घरी. ती लाल गाडी ब्राझीलची बाई आहे. निळी फिनलंडचा कुणी म्हातारा, दंतवैद्य आहे म्हणे. वर्षभराची मालिका आहे, आज शेवटची शर्यत. पाच मिनिटांत सुरू होईल.

श्रीहरी : दंतवैद्य! रविवारी दात काढायचे सोडून?

निवेदिता : अप्पा, जरा थांबा हं. — ऐकतोयस का रे एकोणीस? आज माझ्या शेजारी घरचे बसलेत. तू बोलू नकोस. मी बोलते तेवढं ऐक.

श्रीहरी : कुणाला सांगितलंस?

निवेदिता : माझ्या जोडीदाराला. शर्यतीतल्या! ती हिरवी गाडी, एकोणीस नंबर. आम्ही दोघं एका संघात.

श्रीहरी : मराठीत सांगितलंस.

निवेदिता : हो. बाकीच्यांना कळत नाही, म्हणून आम्ही मराठीतच बोलतो. अडलं तर कन्नडमध्ये.

श्रीहरी : कुठला आहे?

निवेदिता : पुण्याला असतो.

श्रीहरी : पुण्याचा माणूस आणि दुसऱ्याला आडोसा देतो? नाव काय?

निवेदिता : इथं नावं नसतात अप्पा. आकडे असतात.

श्रीहरी : बरं. आणि मी बसलो म्हणून त्यानं गप्प का बसायचं? माझी काय अडचण आहे त्याला?

निवेदिता : अडचण नाही हो. लक्ष उडतं. आता मला गिअर ठरवू द्या.

श्रीहरी : ते चालवताना टाकायचे ना?

निवेदिता : ते टाकायचेच. पण गिअरचे दात किती, हे आधी ठरवावं लागतं. लांब गिअर लावला तर एकटीनं पळताना गाडी सुस्त. आखूड लावला तर एकटीनं छान पळते, पण कुणाच्या आडोशात शिरलं की वेग इतका वाढतो की इंजिन किंचाळतं आणि फुटतं. म्हणजे पुढं राहायचं असेल तर आखूड, मागं राहायचं असेल तर लांब.

श्रीहरी : आणि मधेच विचार बदलला तर?

निवेदिता : नाही बदलता येत. झेंडा पडला की जे लावलं तेच.

श्रीहरी : बाप रे. म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधीच माणसानं ठरवायचं, मी पुढचा की मागचा? हा खेळ आहे की मुंज?

निवेदिता : मी लांब लावतेय.

श्रीहरी : म्हणजे तू मागची. का? भित्री आहेस म्हणून?

निवेदिता : भित्री नाही. वर्षभर मी पुढं राहून त्याला आडोसा दिला. आज तो मला देणार. मी अजून एकही शर्यत जिंकलेली नाही, म्हणून.

श्रीहरी : मग मुलगा बरा म्हणायचा.

निवेदिता : बराच आहे.

श्रीहरी : हं. चालू दे. मी गप्प बसतो.

निवेदिता : तुम्ही?

श्रीहरी : कोर्टात बसत नव्हतो, घरी बसतो.

निवेदिता : सुटली! बघा, पहिल्या वळणात काही करायचं नाही, नुसतं जगायचं. टायर थंड असतात. ... गेले चौघं गवतात. ब्राव्हो.

श्रीहरी : कोण गेलं? आपलं कोण गेलं?

निवेदिता : आपलं कुणी नाही. आता हा सरळ रस्ता. बघा, मी हिरव्याच्या मागं शिरते. आकडा बघा डावीकडं.

श्रीहरी : वाढला! पाय आणखी दाबलास का?

निवेदिता : पाय आधीच तळाला टेकलाय. हीच ती पोकळ जागा.

श्रीहरी : काय गंमत आहे गं! आणि आता वळण आलं, ब्रेक नाही लावायचा?

निवेदिता : लावायचा, पण रोजच्यापेक्षा लवकर. आडोशात आपला वेग जास्त असतो आणि थोपवायला समोरून वाराही नसतो. नवशिके इथंच पुढच्याच्या पाठीत घुसतात.

श्रीहरी : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण इथं चालत नाही म्हण.

निवेदिता : इथं पुढच्यास ठेच लागली की मागचा त्याच्यावर.

श्रीहरी : मग पुढं राहायला कोण तयार होतं?

निवेदिता : तेच तर. शेवटच्या फेरीत कुणालाच पुढं राहायचं नसतं. तो मोठा वाडगा दिसतो ना, शेवटचं वळण? त्यातून जो पहिला बाहेर पडतो त्याला मागचे तिघं रेषेच्या आत गाठतात. कधी कधी पुढचा मुद्दाम सावकाश जातो, मागचाही सावकाश होतो, सगळे मिळून रांगायला लागतात.

श्रीहरी : पंगतीत "आधी तुम्ही बसा" चालतं तसं. भात निवून जातो, पण आधी कुणी बसत नाही.

निवेदिता : आता गप्प बसा हं, लाल मागं आली.

श्रीहरी : बसलो. ... हे काय? हिरव्यानं हात वर केला.

निवेदिता : हो. बाजूला होतोय. मला पुढं जा म्हणतोय, म्हणजे वारा लागून माझं इंजिन जरा गार होईल. मग परत जागा बदलू.

श्रीहरी : खेळातल्या माणसाला हात वर करता येतो?

निवेदिता : एक बटण आहे त्याला. जुन्या काळी ड्रायव्हर मागच्याला हात करायचे, म्हणून बनवणाऱ्यांनी हौसेनं घातलंय.

श्रीहरी : पण बाकी कुणी करत नाही.

निवेदिता : नाही करत.

श्रीहरी : का?

निवेदिता : कारण तो हात मला दिसतो तसा लाललाही दिसतो. आता हा बाजूला होणार, हे तिला आधीच कळतं. ती तयार राहते. बघा, बघा, आली की नाही अंगावर! गेल्या दोन शर्यती आम्ही अशाच हरलो.

श्रीहरी : हात दाखवून अवलक्षण! तू त्याला बोलली नाहीस?

निवेदिता : शंभरदा बोलले.

श्रीहरी : मग?

निवेदिता : म्हणतो, वळायचं मनात आलं की बोट आपोआप बटणावर जातं. लहानपणची सवय आहे.

श्रीहरी : लहानपणी कसली गाडी चालवत होता?

निवेदिता : चालवत नव्हता. स्कूटरवर पुढं उभा राहायचा. पुढचा पत्रा धरून.

श्रीहरी : कुणाच्या?

निवेदिता : वडिलांच्या.

श्रीहरी : मग हात वडील दाखवतील. त्याचा काय संबंध?

निवेदिता : वडील म्हणायचे, माझे दोन्ही हात हँडलला, हात तू दाखवायचा. तू हात दाखवल्याशिवाय स्कूटर वळणार नाही. एकदा हा झोपेत होता, तर ते वळलेच नाहीत. सरळ गावाबाहेर नुग्गीकेरीपर्यंत गेले.

श्रीहरी : निवी, गाडी थांबव.

निवेदिता : थांबवता येत नाही हो, मागं लाल आहे.

श्रीहरी : नुग्गीकेरीच्या मारुतीपर्यंत गेलो होतो. तिथं त्याला जाग आली. "अप्पा, वळणं संपली का?" म्हणाला. ... हौदा, खरंच? तोच आहे?

निवेदिता : तोच आहे.

श्रीहरी : मुकुल. त्या हिरव्या मुसळात मुकुल बसलाय.

निवेदिता : हो अप्पा.

श्रीहरी : तू बोलतेस ते त्याला ऐकू जातं. मी बोलतो तेसुद्धा जातं?

निवेदिता : तुम्ही खुर्ची ओढलीत तेव्हापासून.

श्रीहरी : बाळाचार्यांचंही?

निवेदिता : तेही.

श्रीहरी : किती दिवस चाललंय हे?

निवेदिता : तो घर सोडून गेला त्या वर्षापासून. दर रविवारी.

श्रीहरी : आणि तुझ्या आईला?

निवेदिता : आई याच खुर्चीत बसते. तुम्ही झोपला की. त्याला विचारते काय जेवलास, त्याला पोळ्या लाटायला शिकवते. तो फेऱ्या मारत ऐकतो.

श्रीहरी : वा! साक्षीदार घरात, वकील घरात, आणि ज्याच्यावर खटला त्यालाच नोटीस नाही. आज कुठं गेली ती?

निवेदिता : दुर्गदबैलच्या बाजारात, गोदावरी मावशीबरोबर पडद्याचं कापड बघायला. जाताना म्हणाली, आज हेडफोन लावू नकोस. आवाज मोठा ठेव. उठून आत आले तर येऊ दे.

श्रीहरी : आजच का?

निवेदिता : तो पुढच्या रविवारी इंग्लंडला जातोय अप्पा. पुण्यात जुन्या मोटारी दुरुस्त करतो ना, तसाच मोठा कारखाना आहे तिकडं. दोन-तीन वर्षं तरी. तुम्हाला सांगितल्याशिवाय त्यानं जावं, हे आईच्या जिवाला लागलंय. आणि माझ्याही.

मुकुल : अक्का, पाण्याचा काटा बघ. फार जवळ आहेस माझ्या.

निवेदिता : बघितला. जरा बाजूला काढते.

श्रीहरी : आवाज जाड झालाय त्याचा.

निवेदिता : माईकमुळं.

श्रीहरी : नाही. झालाय. ... त्याला विचार, काटा कसला?

निवेदिता : तो ऐकतोय अप्पा. तुम्हीच विचारा.

श्रीहरी : मी तुला विचारतोय. तू त्याला विचार.

निवेदिता : मी शर्यत चालवतेय!

मुकुल : अक्का, त्यांना सांग, आडोसा चांगला, पण फार वेळ फार जवळ राहिलं की इंजिनाला समोरचा वारा मिळत नाही. तापतं. मधे मधे बाहेर पडून वारा घ्यावा लागतो.

श्रीहरी : त्याला विचार, किती वेळ राहता येतं मग?

मुकुल : ते इंजिनावर असतं. एखादं वर्षभर राहतं. एखाद्याला दोन महिन्यांत कळतं.

श्रीहरी : हे मोटारीचं बोलतोय का?

निवेदिता : मला काय विचारता?

श्रीहरी : त्याला सांग, वकिलीच्या पाटीवर त्याचं नाव कोरून झालं होतं. माझ्या नावाखाली. पितळेचं. बार रूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते मी. खुर्ची नवी घेतली होती. आणि एका सोमवारी खुर्ची रिकामी. बाजूला व्हायचं होतं तर हात दाखवायचा होता. स्कूटरवर उभं राहून एवढं तरी शिकला असशील, म्हणावं!

मुकुल : अक्का, लाल उजवीकडं.

निवेदिता : दिसली.

मुकुल : दाखवला होता.

श्रीहरी : काय म्हणाला?

मुकुल : हात दाखवला होता मी. दिवाळीत एकदा. मग आई आजारी होती तेव्हा. मग ऑफिसात, तुमचे कारकून वसंतकाका उठून गेल्यावर. तुम्ही आरशात बघितलं नाही.

निवेदिता : अप्पा, पाणी देऊ? मला उठता येत नाही, पण तांब्या मागं आहे.

श्रीहरी : नको. ... आरसा होता कुठं माझ्याकडं? मी वारा खात होतो. माझ्या मागं आधी कधी कुणी नव्हतं, म्हणून हा मागं आहे याचंच बरं वाटत होतं.

मुकुल : शेवटच्या दोन फेऱ्या, अक्का.

निवेदिता : हो. ठरलं तसं?

मुकुल : ठरलं तसं. वाडग्यातून मी पहिला बाहेर पडतो. तू माझ्या मागं चिकटून. अर्ध्या रस्त्यावर मी बाजूला होतो, तू सूट.

श्रीहरी : निवी, मला एक समजू दे. तुझ्या मागं लाल असणार. लालला कळता कामा नये की हा कधी बाजूला होणार. बरोबर?

निवेदिता : बरोबर.

श्रीहरी : आणि हा हात दाखवणार. म्हणजे तिला कळणार.

निवेदिता : ते आमच्या नशिबी आहेच.

श्रीहरी : मुकुल.

मुकुल : ऐकतोय.

श्रीहरी : आज हात दाखवू नकोस.

मुकुल : जमत नाही. करून बघितलंय. हात नाही दाखवला तर गाडी वळवतच नाही माझ्याच्यानं.

श्रीहरी : मग ऐक. दाखव, आणि वळू नकोस. लालबाईला सवय आहे, हात वर गेला की हा सरकणार. ती हात बघून लगेच बाहेर उडी मारेल. बाहेर तिला आडोसा नाही, वारा खाऊन बसेल. मग तू सावकाश बाजूला हो. निवी जिंकली. चाळीस वर्षं वकिली केली ती काय उगाच?

निवेदिता : अप्पा! हे तुम्ही सांगताय? खोटा हात दाखव म्हणून?

श्रीहरी : खेळ आहे. इरली, असू दे. खेळात चालतं.

मुकुल : शेवटची फेरी.

निवेदिता : काय करतोयस मग तू?

मुकुल : तू माझ्या मागं राहा. काट्याकडं बघू नकोस आता, तापू दे.

श्रीहरी : वाडगा आला. निवी, ब्रेक लवकर लाव, तूच म्हणालीस.

निवेदिता : लावला! ... चिकटले. चिकटले त्याला. लाल माझ्या पाठीला, तिच्या मागं दंतवैद्य.

श्रीहरी : आकडा बघ, आकडा! असला वेग अजूनपर्यंत नव्हता आला.

निवेदिता : मुकुल, आता.

मुकुल : थांब.

निवेदिता : मुकुल!

श्रीहरी : हात गेला वर. गेला वर! लाल निघाली बघ बाहेर. आता वळू नको, बाळा, सरळ राहा, सरळ... अरे! अरे, वळला की हा!

निवेदिता : सुटले मी! ये, ये, ये, ये गं बाई... आणखी थोडं...

श्रीहरी : काय झालं? कोण आलं?

निवेदिता : लाल. एका चाकानं. मी दुसरी.

श्रीहरी : आणि तो?

मुकुल : चौथा. दंतवैद्यानंही मागं टाकलं मला. अक्का, चुकलं गं. आज तुझी होती.

निवेदिता : जाऊ दे रे. दुसरी म्हणजे काय कमी?

श्रीहरी : मी तुला काय सांगितलं होतं?

मुकुल : सांगितलं होतं.

श्रीहरी : समजलं नाही?

मुकुल : समजलं की. वकिलाची युक्ती होती, शंभर टक्के चालली असती. ती बाई उडी मारून मोकळी झाली होती.

श्रीहरी : मग का वळलास?

मुकुल : हात वर गेला होता ना.

निवेदिता : अप्पा, अहो, डोळे पुसा. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर आहे.

श्रीहरी : घाम आहे. मघापासून पंखा बंद ठेवलायस.

निवेदिता : पंखा चालू आहे.

श्रीहरी : असू दे. मी सांगतो त्याच्या उलट करायचं आणि वर मीच शिकवलेलं करायचं. असल्या साक्षीदाराला माणूस कुठं पकडणार? एकदा त्यानं तसंच केलं, आज परत तसंच. आणि मी दोन्ही वेळा शेजारी बसून ओरडतोय, सरळ राहा म्हणून.

मुकुल : अक्का, मी बंद करू का? त्यांना त्रास होत असेल तर.

श्रीहरी : बंद करायचं नाही. माझी उलटतपासणी संपलेली नाही. तिकडं इंग्लंडात हे असलं स्टिअरिंग मिळतं का?

मुकुल : मिळतं. माझं मी बरोबर नेतोय.

श्रीहरी : आणि तिथून इथं असंच दिसतं? असंच ऐकू येतं?

मुकुल : असंच. थोडा उशीर होतो आवाजाला. फार नाही.

श्रीहरी : तिथं दुपार असेल तेव्हा इथं संध्याकाळ. संध्याकाळी मी मोकळाच असतो. बाळाचार्य सातला जेवून झोपतात. ... तू पुण्याहून निघणार कधी?

मुकुल : शनिवारी रात्री. मुंबईहून विमान आहे.

श्रीहरी : मग बुधवारी इकडं ये. गुरुवारी आई डोक्यावरून हात फिरवेल, शुक्रवारी परत जा. पाटीवरचं नाव तसंच आहे, काढलं नाही मी. ते काढायला येऊ नकोस. नुसता ये.

मुकुल : येतो.

निवेदिता : अरे देवा. आईला फोन करते. ती दुकानात रडेल.

श्रीहरी : रडू दे, दुकानदार भाव कमी करेल. निवी, ऊठ त्या खुर्चीतून.

निवेदिता : का?

श्रीहरी : ऊठ म्हणतोय ना. ब्रेक कुठला, मधला?

निवेदिता : तुम्ही बसणार? अप्पा, ही स्कूटर नाही.

श्रीहरी : ठाऊक आहे. म्हणून तर. ते आडोशात शिरणं मला एकदा करून बघायचंय. पुढं वारा खाणं झालं आयुष्यभर, मागं कसं वाटतं ते बघू. मुकुल, तू अजून रस्त्यावर आहेस ना?

मुकुल : आहे. बाकी सगळे गेले. मी एकटाच आहे.

श्रीहरी : मला तुझ्याएवढं जोरात जमायचं नाही रे. तू पुढं निघून जाशील, मी राहीन मागंच कुठंतरी.

मुकुल : मी हळू चालवतो, अप्पा.